प्रकल्प नोंदी: माग, उंबरा, गड्डा आणि फिल्मची गती

२६ ऑक्टोबर

जागा ठरल्या. सोलापूरच्या पूर्व भागातले यंत्रमाग, विड्या वळणाऱ्या बायकांचे उंबरे आणि जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. सगळं काम कृष्णधवल, ३५ मिमीवर. कॅमेरा पेंटॅक्स के१०००, लेन्स ५० मिमी एफ २ आणि २८ मिमी एफ २.८ (एफ म्हणजे छिद्राचं माप, आकडा लहान तितकं छिद्र मोठं). फ्लॅश नाही. मागाजवळ नको आणि यात्रेत तर नकोच नको.

आता फिल्म. गती, म्हणजे फिल्मला किती कमी उजेड पुरतो त्याचा आकडा, ५० पासून ३२०० पर्यंत असे डबे मिळतात आणि प्रत्येकाचं गुणगान करणारा कोणीतरी भेटतोच. मला तीन जागांना तीन फिल्म नकोत. प्रत्येक फिल्मची धुलाई वेगळी, वेळ वेगळी, सवय वेगळी, त्यात एकीचीही नीट ओळख होत नाही. फार तर दोन घ्यायच्या आणि त्यांना पिळून काढायचं.

३ नोव्हेंबर

स्टुडिओवाल्या काकांकडे गेलो होतो. स्टुडिओ कधीच बंद झालाय, पण टँक, थर्मामीटर आणि बल्क लोडर (लांब फिल्ममधून छोटे रोल भरायचं यंत्र) अजून जपून ठेवलाय. लोडर मला दिला. "काय करूलालास बे एवढ्या रोलांचं?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कपाट उघडलं.

कपाटात पूर्व जर्मन कंपनी ऑर्वोचे जुने रिकामे डबे. एनपी २२ आणि एनपी २७. हे आकडे जर्मन डीआयएन मापातले. २२ म्हणजे १२५ एएसए, २७ म्हणजे ४००. डीआयएनमध्ये तीन अंक वाढले की गती दुप्पट. दुप्पट किंवा निम्मं होणं म्हणजे एक स्टॉप, म्हणून एक अंक एक तृतीयांश स्टॉपचा. २२ ते २७ पाच अंक, म्हणून १२५ ते ४०० हे अंतर पावणेदोन स्टॉपला जरासं कमी. आजच्या डब्यावर '४००/२७°' छापतात त्यात दोन्ही मापं शेजारी बसलीत, एएसए डावीकडे, डीआयएन उजवीकडे. काका अजून 'बावीस' आणि 'सत्तावीस'च म्हणतात. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची इंदूही त्यांनी भरपूर वापरली.

त्यांचं म्हणणं लिहून ठेवतो: "डब्यावरचा आकडा कंपनीच्या प्रयोगशाळेतला. तुझ्या मीटरवर, तुझ्या पाण्यात तो किती भरतो ते तू बघ, मग विकत घे."

तरी विकत घेणं आधीच ठरलं होतं. इल्फर्ड एफपी४ प्लस (१२५) आणि एचपी५ प्लस (४००), दोन्हींचे ३०.५ मीटरचे बल्क डबे. एका डब्यात ३६ फोटोंचे अठराएक रोल निघतात. खरा फायदा पैशाचा नाही, छोट्या रोलचा आहे. बारा फोटोंचा रोल भरता येतो. एक रोल एकाच गतीवर काढायचा आणि एकदमच धुवायचा असतो, त्यामुळे ३६ चा रोल लावला की दिवसभर त्याच्याशी लग्न लागतं. बाराचा असेल तर दुपारी सोडवता येतो.

डीएक्स कोडची, म्हणजे कॅमेऱ्याला गती सांगणाऱ्या डब्यावरच्या पट्ट्यांची, कटकट नाही. जुन्या डब्यांवर भलत्याच गतीच्या पट्ट्या आहेत, पण के१००० ला त्या वाचताच येत नाहीत. आकडा आपणच फिरवायचा.

९ नोव्हेंबर

चाचणी. घरातली जुनी सोलापुरी चादर, काळ्या-मरून चौकड्यांची. सकाळी अकराला गल्लीत, अर्धी उन्हात आणि अर्धी भिंतीच्या सावलीत पडेल अशी दोरीवर टाकली. एचपी५ चा छोटा रोल. तीच चौकट ८००, ४००, २००, १०० अशी क्रमाने, उजेड मोजायचा मीटर प्रत्येक वेळी सावलीतल्या कापडासमोर नव्हे, तर उन्हासमोर धरलेल्या तळहातावर. तळहाताच्या मापाला एक स्टॉप वाढवायचा, हे जुनं गणित.

उन्हाचं माप सोपं आहे. लख्ख उन्हात एफ १६ ला शटर म्हणजे फिल्मच्या गतीचा व्यस्त: १२५ ला १/१२५, ४०० ला १/५००. हे सोलापुरात वर्षाचे आठ महिने डोळे झाकून चालतं.

शेजारच्या आजींनी विचारलं, चादर विकायची आहे का.

१० नोव्हेंबर

रोल धुतला. आयडी-११ डेव्हलपर, एकास एक पाणी मिसळून, २०° ला १३ मिनिटं, कंपनीच्या तक्त्याप्रमाणे. २०° साठी बर्फ लागला, त्यावर पुढे लिहितो.

निगेटिव्ह भिंगाखाली. उन्हातला भाग चारही फोटोंत आहे, कुठे पातळ, कुठे दाट, पण आहे. फरक सावलीत. ८०० वर सावलीतली काळी चौकड म्हणजे नुसती स्वच्छ फिल्म. विणीचा पत्ता नाही. ४०० वर चौकडीच्या कडा आहेत, आतलं सूत नाही. २०० वर आडवा धागा दिसायला लागतो आणि जिथे चादर विटली आहे तिथली झीजसुद्धा. १०० वर सावलीत आणखी थोडं मिळतं, पण उन्हातलं मरून इतकं दाट होतं की छापताना घाम फुटेल.

हे असंच व्हायला हवं होतं. फिल्मची गती मोजतात ती निगेटिव्हच्या फिकट टोकाला. फिल्मच्या स्वतःच्या धुक्याहून (उजेड न लागताही येणाऱ्या करड्या थराहून) घनता जिथे ०.१० ने वाढते तो बिंदू धरून आकडा काढतात. म्हणजे ४०० हा आकडा सावलीबद्दल आहे, उजेडाबद्दल तो काहीच सांगत नाही. दुकानात मात्र उलटं विचारतात: "उजेड किती असेल?" विचारायला हवं ते हे, की सगळ्यात काळ्या कुठल्या जागेत मला काहीतरी दिसायला हवंय, आणि तिथे काय हलतंय.

ठरलं: सावलीत काम असेल तिथे एचपी५ मीटरवर २००.

एक गंमत. चादरीच्या काठाला लाल नक्षी हिरव्यावर आहे. डोळ्याला ठसठशीत, फिल्मवर दोन्ही एकाच राखाडीत विरघळलीत. नारंगी फिल्टर लावला तर लाल उजळेल, हिरवं खाली बसेल, पण फिल्टर दोनेक स्टॉप खातो. म्हणजे ४०० ची फिल्म १०० ची झाली. चादरींच्या विणीचे जवळून फोटो काढायचे असतील तर हा खर्च आधी मोजायचा.

२३ नोव्हेंबर

माग. ओळखीच्या मालकांची शेड, साखर पेठेच्या पुढे. आत पाऊल टाकलं की खडखडाटात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. सगळं बोलणं हातवाऱ्यांनी, आणि हातवारे तेलुगूत. छतावर ट्यूबलाइट, एक-दोन पत्रे पारदर्शक, त्यांतून उन्हाच्या दोन पट्ट्या. हवेत सुताचे तंतू. लेन्स बदलायची नाही. ५० मिमी घरूनच लावून आणली होती.

मीटर: ४०० ला एफ २, १/६०. मागाच्या खालच्या बाजूला त्याहून तीन स्टॉप काळोख.

इथे सगळे म्हणतात, १६०० वर ढकल (गती चौपट धर आणि धुलाई लांबव) आणि १/२५० मिळव. तसं न करण्याची दोन कारणं.

पहिलं: धोटा, आडवा धागा इकडून तिकडे नेणारा. तो सेकंदाला दहा-बारा मीटर पळतो. १/६० ला फोटोत वीतभर फराटा येतो, १/५०० ला सुद्धा दोन-अडीच सेंटिमीटर सरकलेलाच असतो. धोटा गोठवायच्या नादी लागलो तर ३२०० सुद्धा पुरणार नाही. आणि गोठलेला धोटा दिसतो कसा? मागावर कोणी विसरून ठेवल्यासारखा. फराटाच बरा. स्थिर हवी ती कांड्या भरणाऱ्या मावशींची बोटं, आणि ती धागा जोडताना क्षणभर थांबतातच. तो क्षण १/६० ला सापडतो.

दुसरं: ट्यूब. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा चमकते आणि मंद होते. शटर १/३० किंवा १/६० असेल तर एक ते तीन झळा पूर्ण पोटात येतात. १/२५० ला शटरच्या पडद्याची फट चौकटीवरून सरकत असताना उजेड वर-खाली होतो, फोटोत एक पट्टा उजळ आणि एक मंद. जलद फिल्म घेऊन शटर वाढवायचं आणि पट्टे विकत घ्यायचे, हा धंदा आतबट्ट्याचा.

तेव्हा मागासाठी एचपी५, ४०० वरच, एफ २, १/६०, खांबाला पाठ टेकून. ढकलाढकल नाही. उन्हाची पट्टी सुतावर पडते तिथे निगेटिव्ह दाट होणार. होऊ दे.

धुलाई नेहमीची. मागाखालचा काळोख काळाच आलाय. मावशींच्या हातात दोन बोटांमधला धागा एका चौकटीत इतका नीट आलाय की त्याचा पीळ मोजता येईल.

७ डिसेंबर

उंबरे. एका ओळीतली घरं, प्रत्येक दारात एक बाई, मांडीवर सूप, सुपात कात्रीने कापलेली तेंदूची पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. त्या दारातच बसतात कारण उजेड तिथेच आहे. माझ्या आणि त्यांच्या गरजा इथे तंतोतंत जुळल्या.

मापं (४०० धरून): चेहरा एफ ४, १/६०. सुपातली सावली दोन स्टॉप खाली. मागची कपाटाची भिंत तीन. उंबऱ्याबाहेरचं ऊन चेहऱ्याच्या सात स्टॉप वर. एवढी मोठी दरी आपल्याकडे रोजची आहे. थंड देशांत ढगाळ उजेडात लिहिलेले सल्ले इथे गडबडतात ते याच जागी.

एचपी५ २०० वर. चेहरा एफ २.८, १/६०. सुपातली पानं एकमेकांवर रचलेली दिसायला हवीत, ही अट. मग धुलाई १३ ऐवजी १० मिनिटं, म्हणजे बाहेरचं ऊन हाताबाहेर जाणार नाही. काका याला म्हणतात, "सावलीला पोटभर वाढ, उन्हाला उपाशी उठव." सूत्र जगभर आहे, पण असं कोणी म्हणताना ऐकलं नव्हतं.

याच उजेडात एफपी४ चालली असती का? सावलीसाठी तीही निम्म्या गतीवर धरायची, तर चेहरा एफ २, १/६० पेक्षाही थोडा मंद. हात सेकंदभरही थांबत नाहीत, पान गुंडाळून टोक मुडपेपर्यंत दुसरं पान हातात. नाही चालली असती. फोटोतला दाणा जरा बारीक मिळाला असता आणि बोटं हलली असती.

एक ताई म्हणाल्या, "दादा, तुमच्या फोटोनं हजार विड्या कमी भरतील माझ्या." उठलो. संध्याकाळी जायचं, हिशेब देऊन झाल्यावर.

२१ डिसेंबर

पाण्याचं प्रकरण एकदाचं लिहून टाकतो.

नळाला रोज पाणी येत नाही, टाकी गच्चीवर, आणि डिसेंबरातसुद्धा दुपारी टाकीतलं पाणी कोमट. एप्रिल-मेचं तर बोलायलाच नको. तक्ते सगळे २०° चे. पाणी तापलं की डेव्हलपर घाईला येतो, ढोबळमानाने दर अंशाला दहा टक्के वेळ कमी. एचपी५ ला आयडी-११ पातळ न करता साडेसात मिनिटं, ती २८° ला चारच्याही खाली जातात. पाच मिनिटांच्या आत धुलाई असमान होते, आकाशात ढग नसताना ढग येतात. एकास एक पातळ केलं की १३ मिनिटांपासून सुरुवात, २४° ला साधारण नऊ. म्हणजे हातात वेळ राहतो. बर्फाने २० गाठण्याऐवजी २४ गाठायचं आणि तिथेच टिकवायचं, टबात टँक, टबात बर्फाची पिशवी. हे जास्त प्रामाणिक.

इथेच फिल्मच्या गतीचा पाण्याशी संबंध येतो. ढकललेल्या रोलची वेळ लांब असते, म्हणून गरम पाण्यात तो सुखी. २०० वर काढून कमी धुवायचा रोल आधीच आखूड, त्यालाच खरं थंड पाणी लागतं. उन्हाळ्यात उंबऱ्यांचे रोल पहाटे धुवायचे.

बोअरचं पाणी वाळलं की निगेटिव्हवर पांढरे ठिपके. डेव्हलपर आणि शेवटची विसळणी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात. मधली धुलाई इल्फर्डच्या कमी पाण्याच्या पद्धतीने: टँक भरून पाच वेळा उलटा-सुलटा, पाणी ओतून दहा वेळा, पुन्हा ओतून वीस वेळा. तीन टँक पाण्यात काम होतं. वाहत्या नळाखाली अर्धा तास धरा, असं ज्यांनी लिहिलंय त्यांच्याकडे चोवीस तास पाणी असावं.

फिल्म फ्रीजमध्ये, हवाबंद डब्यात, कोथिंबिरीच्या वरच्या कप्प्यात. वहिनींनी डब्यावर 'खाऊ नये' अशी चिठ्ठी लावली. बाहेर काढल्यावर तासभर डबा उघडायचा नाही, नाहीतर फिल्मवर दव. आणि गाडीच्या डिकीत रोल ठेवायचे नाहीत. उष्णतेने धुकं धरतं, आणि फिल्म जितकी जलद तितकी लवकर.

५ जानेवारी

यात्रेची आखणी. प्रत्येक दिवसाचा उजेड वेगळा, म्हणून डब्यांवर आधीच चिकटपट्टी लावून आकडे लिहिले.

१३ ला दिवसा नंदीध्वजांची, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची, मिरवणूक, उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून अडुसष्ट लिंगांची वाट. १४ ला दुपारी संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता. १५ ला रात्री होम. १६ ला होम मैदानावर दारूकाम.

उन्हातल्या दोन दिवसांना एफपी४. कारण ऊन नव्हे, कारण के१००० चं शटर १/१००० ला संपतं. ४०० घेऊन लख्ख उन्हात गेलो तर एफ ११ च्या पुढे लेन्स उघडताच येत नाही. मागचा प्रत्येक फ्लेक्स, प्रत्येक वायर आणि प्रत्येक मोबाइल स्पष्ट. १२५ वर एफ ५.६ पर्यंत येता येतं, पिवळा फिल्टर लावला तर एफ ४. यात्रेत कमी गती म्हणजे गर्दीतून एकाला वेगळं काढायची सोय.

रात्रीसाठी एचपी५ १६०० वर, आयडी-११ पातळ न करता १४ मिनिटं. शिवाय डेल्टा ३२०० चा एकच रोल घेतला, महाग आहे. डब्यावर ३२०० असलं तरी तिची मोजलेली गती १०००, इल्फर्ड स्वतःच तसं छापते. तीही १६०० वरच काढणार. आकडा तोच, पण एचपी५ ला ४०० पासून दोन स्टॉप ताणायचंय आणि डेल्टाला जेमतेम दोन तृतीयांश. ताणल्याने सावलीत काही भरत नाही, फक्त उजळ भाग वर चढतो. दिव्यांनी मढलेल्या नंदीध्वजाला एचपी५, होमाच्या उजेडातल्या चेहऱ्यांना डेल्टा.

१३ जानेवारी

बाराबंदी. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी वस्त्रं घातलेली शेकडो माणसं, त्यात सावळे चेहरे, वर सोलापूरचं ऊन. कॅमेऱ्याच्या मीटरला हे कळत नाही. तो पांढऱ्याला राखाडी करायला निघतो आणि चेहरे कोळसा होतात. सुरुवातीला तळहातावर घेतलेलं माप दिवसभर: एफ ८, १/५००, सावलीत शिरलं की तीन स्टॉप उघडायचं. मीटरच्या काट्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

काठी पेलणारा एक जण जवळून मिळाला. कमरेच्या पट्ट्यात काठीचा बुंधा, मानेच्या शिरा ताणलेल्या, बाराबंदीचे बंद घामाने अंगाला चिकटलेले. 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' झालं की सगळे एकदम पाऊल उचलतात, तेव्हा १/५०० हवंच.

१४ जानेवारी

अक्षता. गर्दीत हात वर काढणं मुश्कील. तांदूळ हवेत असताना १/२५०. दाणे रेघा झाले तरी चालतील असं ठरवून. एक रोल.

१५ जानेवारी

होमाच्या जागी पोचलो तोवर पुढे पोलिसांचं कडं. २८ मिमी कामाची राहिली नाही, ५० वरच सगळं. १६०० ला एफ २, १/६०. ज्वाळा उंच झाल्या की दोन स्टॉप उजेड वाढतो, पण शटर तसंच ठेवलं. ज्वाळेचं काय व्हायचं ते होवो, मला समोरच्या ओळीतले चेहरे हवेत.

१६ जानेवारी

दारूकाम. इथे सगळं गणित उलटं होतं आणि म्हणून मजा. आकाशात रेघ ओढत जाणारी ठिणगी फिल्मच्या एका जागेवर क्षणभरच असते. शटर दोन सेकंद उघडं ठेवा की दहा, ती रेघ तितकीच उजळ. वेळ वाढवून फक्त रेघांची संख्या वाढते. रेघ किती उजळ हे छिद्र आणि फिल्मची गती ठरवतात. म्हणून एफपी४, एफ ११, ट्रायपॉड, शटर 'बी' वर, फुटण्याआधी उघडायचं आणि विझल्यावर मिटायचं. ४०० घेतली असती तर एफ २२ ला जावं लागलं असतं, आणि माझी लेन्स तिथे मऊ पडते.

नंतर तळ्याच्या काठी मंदिराची रोषणाई. मीटर म्हणतो ८ सेकंद, एफपी४ ला प्रत्यक्षात १४ द्यायचे. सेकंदाच्या पुढे फिल्म आळशी होते, इल्फर्डच्या सूत्रात मोजलेल्या वेळेचा १.२६ वा घात घ्यायचा. तक्ता घरूनच लिहून नेला होता, थंडीत घात काढत बसायला नको.

२५ जानेवारी

यात्रेचे सगळे रोल धुवून झाले, काँटॅक्ट शीट (अख्ख्या रोलचे छोटे छाप) काकांना दाखवल्या. ते फोटो बघत नाहीत, आधी निगेटिव्ह खिडकीसमोर धरतात.

एचपी५ चे १६०० चे रोल: नंदीध्वजावरचे दिवे टपोरे, खालचे खांदेकरी नुसत्या पांढऱ्या बाराबंद्या, चेहरे गायब. त्यांना आवडलं. मला दोनच चौकटी पटल्या. डेल्टाचा रोल: दाणा रव्याएवढा, पण होमासमोरच्या म्हाताऱ्याच्या भुवईखाली डोळा आहे. त्या एका रोलचे पैसे फिटले.

"पुढच्या वर्षी होमाला हीच," काका म्हणाले. मीही तेच म्हणणार होतो, पण रात्रीची मिरवणूक एचपी५ वर ८०० ला करून बघायची आहे, १/३० ला, थांब्यावर काठी स्थिर असते तेव्हा. आयडी-११ मध्ये साडेदहा मिनिटं.

उरलेलं: एफपी४ चा डबा अर्ध्याहून जास्त शिल्लक, एचपी५ संपत आली. नवा एचपी५ चा डबा फेब्रुवारीतच मागवायचा, मार्चनंतर पार्सल उन्हात कुठे किती वेळ पडेल याचा भरवसा नाही. विडीवाल्या ताईंना त्यांचे फोटो मोठे छापून द्यायचे आहेत, सुपात पानं दिसतायत ती चौकट आधी.